टीव्हीवर जाऊन आलेलं लुगडं

मालेगावच्या मागावर विणलेलं मी एक जुनं लुगडं आहे, मित्रांनो. नऊवार, सुती, हिरव्या चौकड्यांचं, लाल काठाचं. १९८७ साली कोलशेतच्या नाथाने मला ठाण्यात जांभळी नाक्यावर विकत घेतलं आणि आपल्या बायकोला, आवडाबाईला दिलं.

त्यानंतर बावीस वर्षं मी तिच्याबरोबर बाजारात गेले. नवऱ्याने खाडीतून आणलेली बोय आणि चिंबोऱ्या पाटीत भरून ती बाळकुमच्या नाक्यावर बसायची. माझ्यावर खवले उडायचे, खाऱ्या पाण्याचे डाग पडायचे. घरी गेल्यावर ती मला दगडावर साबण लावून धुवायची. वास पुरता जायचा नाही, पण त्याची आम्हां दोघींनाही खंत नव्हती.

गिऱ्हाइकं तिच्याकडे मासळीइतकीच तिच्या बोलण्यासाठी यायची. कोणी मासा दाबून दाबून पाहू लागलं की ती म्हणायची, "हात नको लावू गो बाय, मासा लाजतोय." आसपासच्या कोळणी हसायच्या, गिऱ्हाईकही हसायचं. हे वाक्य ती दिवसातून एकदाच म्हणायची. कधी म्हणायचं ते तिला अचूक कळत असे.

तिचा मुलगा हितेश शाळा सुटली की पाटीमागे बसून गृहपाठ करायचा. वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र आईची वाक्यं लिहायचा. पुढे तो वागळे इस्टेटमध्ये खोके बनवणाऱ्या कारखान्यात लागला आणि संध्याकाळी एकांकिका लिहू लागला. २०१२ मध्ये एका वाहिनीने त्याला विनोदी कार्यक्रमासाठी लेखक म्हणून घेतलं. आठवड्याला एक नवं प्रहसन, गुरुवारी वाचन, शनिवारी चित्रीकरण. सोमवारी तो वही घेऊन आईशेजारी बसायचा. ती गिऱ्हाइकांशी बोलायची, तो टिपून घ्यायचा. एवढीच त्याची पद्धत होती.

मी तोवर विरले होते आणि ट्रंकेत पडून होते. एका शनिवारी प्रहसनातली नटी आजारी पडली. हितेशने मला बाहेर काढलं, स्वतःच नेसला आणि कोळीण मावशी म्हणून घोडबंदर रस्त्यावरच्या स्टुडिओत उभा राहिला. मासा लाजतोय, असं तो म्हणाला आणि प्रेक्षक हसत सुटले. संकलन करणाऱ्याने नंतर मोजलं, ते हसू अकरा सेकंद चाललं होतं.

मग मावशी दर आठवड्याला येऊ लागली. वेशभूषेच्या खोलीत मला माझी स्वतःची खुंटी मिळाली. तिथे मला साबण लागत नसे, नुसता अत्तराचा फवारा मारत. हितेशबरोबर फोटो काढताना लोक माझा पदर हातात धरायचे. ते मला आवडायचं, मित्रांनो. लपवून काय करू?

दोन वर्षांनी एका सोमवारी हितेशची वही कोरी राहिली. पुढच्या सोमवारीही, आणि त्याच्या पुढच्याही. आवडाबाई बोलतच नव्हती. भाव विचारला तर बोटं दाखवायची, मासा कापून पिशवीत टाकायची. तिची तब्येत बरी नसेल, असं हितेशला वाटलं. तिला हसवावं म्हणून एका शनिवारी तो चित्रीकरण आटोपून मला नेसलेलाच कोलशेतला आला. दारात उभं राहून, कमरेवर हात ठेवून त्याने मावशीच्या आवाजात तेच वाक्य म्हटलं.

आवडाबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लुगरा माझा नेलास, बरा झाला," ती म्हणाली. "पन तोंडपन माझाच नेलास रं. आता मी बाजारान काय बोलू?"

बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या रंभाने मग त्याला सगळं सांगितलं. मुलं मुद्दाम येऊन मासे दाबत आणि मोबाइल पुढे धरून तिच्या बोलण्याची वाट पाहत. ती बोलली नाही तर टीव्हीवरची मावशीच बरी, असं म्हणून निघून जात. स्वतःचंच बोलणं तिच्या तोंडी नक्कल वाटू लागलं होतं.

हितेशने दुसऱ्या दिवशी मला दगडावर धुतलं, वाळवलं, घडी घातली. मावशी करणार नाही, असं त्याने वाहिनीला कळवलं. त्यांनी पुष्कळ समजावलं. पुढची दोन वर्षं तो तिथे फक्त लिहीत राहिला आणि लोक त्याचा चेहरा हळूहळू विसरले.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी तो वही न घेता बाजारात आला. मी त्याच्या मांडीवरच्या पिशवीत होते. थोड्या वेळाने एका तरुण बाईने त्याला ओळखलं. तिने लगेच मोबाइल काढला, एक बोय बोटाने दाबली आणि हसत त्याच्याकडे पाहू लागली. हितेशचे कान लाल झाले. त्याने मान खाली घातली.

"लाव, लाव हात," मागून आवडाबाईचा आवाज आला. "मासा नाय लाजत आता. माझा पोर लाजतोय."

रंभाला हसण्यासाठी हातातला कोयता खाली ठेवावा लागला. हितेशचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. मग तसाच रिकामा बाहेर आला.

आज मी नेसण्याजोगी उरले नाही. माझी चौघडी करून आवडाबाई बाजारात बसायला घेते. माझ्यावर पुन्हा खवले उडतात. हितेश अजून लिहितो, कधी टीव्हीवर कामही करतो. आईचं वाक्य हवं असलं तर आधी तिला विचारतो. ती बहुतेक वेळा नाही म्हणते.

मित्रांनो, कोणाचं लुगडं न्या, नाहीतर बोलणं न्या, मागून न्या. जपून वापरा. आणि काम झालं की धुऊन, घडी घालून ज्याचं त्याला परत द्या. त्याला ते उद्या सकाळी बाजारात लागणार असतं.