दुसरा माणूस

वासिफला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? शेठ तर दोघांनाही ट्रेनिंगला कोइमतूरला पाठवणार होता, त्याला आणि बुद्धभूषणला. हिंगोलीच्या त्या हळदीच्या कारखान्यात नवी मशीन येणार होती, रंग पाहून हळकुंडं निवडणारी. पण आमची स्वारी शेठसमोर छाती काढून बोलली, "दुसरा काहून? मी एकटा बराबर सांभाळतो." बुद्धभूषण त्याचा लहानपणापासूनचा जिगरी. त्याचा पत्ता कटला, तसा तो दुसरं काम बघायला पुण्याला निघून गेला.

कोइमतूरला जायच्या आधी वासिफचा करार झाला. तीन वर्षं नोकरी सोडायची न्हाई, सोडली तर ट्रेनिंगचा सगळा खर्च भरायचा. आणि हंगामात मशीन चालवणारा दुसरा माणूस नसेल तर सुट्टी न्हाई. वासिफनं हसत हसत सही ठोकली.

आता हंगाम ऐन भरात होता आणि खुशनुमा पहिल्या बाळंतपणाला निजामाबादला, माहेरी. वासिफची एकच हौस होती, लेकराच्या कानात पहिली अजान आपण द्यायची. त्याच्या कानात त्याच्या बापानं, चाँद पाशानं दिली होती, हे घरात शंभरदा सांगून झालेलं. दिवस भरत आले तसा तो शेठकडं गेला.

शेठ काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तुझ्या जागी कुणी उभा कर, अन् आत्ता जा."

कुणाला उभं करणार? लाज गुंडाळून ठेवून त्यानं बुद्धभूषणला फोन लावला.

"दोन दिवस ये रे."

"आलो असतो. पण मला कुठं येते ती मशीन?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर वासिफला बरं वाटलं असतं. रात्री खोलीवर एकट्यानं भाकर खाताना बोलायलाही कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूचा फोन आला, पोरगी झाली. फोन लेकराच्या कानाशी धरते, म्हणाली. वासिफनं मशीन बंद केली. पिवळे हात पँटीला पुसले, पश्चिमेला तोंड केलं आणि डोळे मिटून शेवटपर्यंत अजान दिली. एक शब्द गाळला न्हाई.

डोळे उघडले तर फोन कटलेला. पत्र्याच्या शेडात रेंजचा काही भरवसाच नसायचा. त्यानं परत लावला. खुशनुमानं उचलला, आवाज थकलेला.

"फोन कबका कट गया जी. मेरे अब्बा दे दिए अजान. तुम कब आते?"

दारातून मुनीम विचारून राहिला होता, मशीन काहून बंद हाय.

"दुसरा आदमी मिले तो," वासिफ म्हणाला, आणि त्यानं मशीन चालू केली.