आडवं नेलेलं खोकं

उज्ज्वलानं केबिनच्या मागच्या काचेतून वळून पाहिलं आणि स्टिअरिंगवरच्या बापाच्या हातावर हात ठेवला.

"बा, गाडी थांबव. खोकं कुठी आहे?"

"मागंच आहे. कुठं जाते?"

"मले दिसून नाही राह्यलं."

"निजवलं ना त्याले. कापसाच्या गादीवर, मस्त."

गाडी पुरती थांबायच्या आतच ती उतरली. धनसिंग मागे गेला तेव्हा ती पालाची दोरी सोडत होती. खाली दाबून पसरलेला कापूस, त्यावर गोधडी आणि त्यावर चारी बाजूंनी बांधलेला शाळेचा नवा टीव्ही, दाराएवढा रुंद.

"दुकानदारानं काय म्हटलं होतं? उभंच न्या. खोक्यावर बाण काढला आहे, तो नाही दिसला?"

"दिसला. पण उभा माल हालते, पोरी. आपला जुना डब्बा टीव्ही म्याच आणलता पांढरकवड्याहून. असाच निजवून."

"त्याची काच जाड होती. याच्यात दोन पातळ काचा राह्यतात, मधात एक थेंबभर ओली परत. आडवं ठेवलं, गाडी उसळली, का मधात लवते ते."

वर्गात पोरांना समजावून सांगावं तसं तिनं सांगितलं. धनसिंगला राग आला नाही, पण ते लागलं. नवरीचं आरशाचं कपाट असो की हंसाबाईची काचेची बरणी, तांड्यातलं नाजूक सामान त्याच्याच गाडीत यायचं. धनसिंगच्या हातचा माल फुटत नाही, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकायची त्याला सवय झाली होती.

त्यानं निमूटपणे गाठी सोडल्या. दोघांनी मिळून खोकं उभं केलं, केबिनला टेकवलं.

"मी मागंच बसते. धरून."

"पडशीन."

"पडू दे मले. हे नाही पडलं पाहिजे."

तिचा जीव त्यात का अडकला होता ते त्याला ठाऊक होतं. घरोघर फिरून तिनं या टीव्हीसाठी वर्गणी उभी केली होती. तांड्याचा नायक फकिरा बैठकीत सर्वांसमोर म्हणाला होता, "बाई, तुह्या शब्दावर देऊन राह्यलो. हे वाया गेलं तर शाळेच्या नावानं कोणी दार नाही उघडणार."

हमरस्ता सुटला. पुढचा रस्ता नुसत्या गिट्टीचा. धनसिंग गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवत होता, तरी पुलापाशी डावं चाक खड्ड्यात गेलंच. मागे धप्प आवाज झाला. आरशात त्याला उज्ज्वला कोपरानं खोक्यावर आदळलेली दिसली.

"लागलं का वं?"

"नाही. चाल तू."

शाळेत भिंतीवर टीव्ही चढला तेव्हा पोरं मांडी घालून, श्वास रोखून बसली होती. बटण दाबलं. निळा रंग उजळला आणि वर्गभर "ओऽ" असा आवाज उठला. तो तिथंच विरला. पडद्याच्या मध्याखाली एक काळा डाग होता. त्यातून रेघा फुटून चारी कडांपर्यंत गेल्या होत्या, आणि डावीकडे हिरव्या-गुलाबी पट्ट्या थरथरत होत्या.

"नवाच आहे न हा?" फकिरानं विचारलं.

उज्ज्वलानं बापाकडे पाहिलं. नजरेत तेच होतं: आडवं नेलेलं खोकं.

धनसिंग पडद्याजवळ गेला. रेघांकडे त्यानं फारसं पाहिलं नाही, डागाकडे पाहत राहिला. मग मागे फिरला.

"म्या आडवं नेलं होतं. दुकानदार उभं ने म्हणे, तरी."

"तू? धनसिंग, तू?"

"हो."

फकिरा पागोटं सारखं करत राहिला. "मंग पोरीचं काचेचं कपाट आणाचं होतं यवतमाळहून... बबलूच्या गाडीले सांगतो."

"सांग."

फकिरा दाराकडे निघाला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं बोट वर केलं.

"बाई, आडवं नेलं तं काहून फुटते?"

उज्ज्वलानं आजवर कुणाचा प्रश्न टाळला नव्हता. तिनं टीव्ही बंद केला नाही.

"आपण पाहू. या रेघा कुठून निघाल्या?"

तिनं कडेच्या एका रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू आत आणलं. मग दुसरी रेघ. मग वरची.

"बाई, सगळ्या तिथीच येऊन राह्यल्या!"

"बरोबर. मंग त्याचा अर्थ काय?"

"तिथी कशाचा तरी मार लागला."

"नुसतं लवलं असतं तर?"

"तं मंग असा एकच डाग नसता पडला," मुलगी म्हणाली.

उज्ज्वलाचं बोट डागावर थांबलं. दुसरा हात तिच्याही नकळत तिच्या कोपरावर गेला आणि तिथंच राहिला. धनसिंग घाईनं पुढे आला.

"बटण बंद कर, बेटा. पोराइचे डोळे दुखतीन."

तिनं बटणाकडे पाहिलंही नाही. दाराशी फकिरा पायात चपला सरकवत होता.

"काका," ती म्हणाली, "जरा थांबा."