धाकट्या फादरांची तपासणी

धाकट्या फादरांना आपण तपासायला नको, असं डॉक्टरीणबाईंनी सहकाऱ्यांना सांगून पाहिलं होतं. पण फादरच हटून बसले. "माझी शंकासूर इथे असताना दुसरं कोण कशाला?"

शंकासूर हे तिचं शाळेतलं नाव. धर्मशिक्षणाच्या तासाला ती इतके प्रश्न विचारायची की बाकीची मुलं डोक्याला हात लावायची. फादर मात्र खूश व्हायचे. आता ऐंशी ओलांडली तरी ते धाकटेच होते. थोरले फादर गणित शिकवत. ते नुसते खाकरले तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

तिची शाळा संपली तेव्हा वडील तिला घरच्या शिवणकामाला बसवणार होते. दोघे फादर घरी आले. थोरले वडिलांशी कडाकडा भांडले. धाकटे "आजपासून हिच्या जागी मी" म्हणत मशीनवर बसले आणि गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून मोकळे झाले. वडिलांना हसू आवरेना. हसता हसताच ते तिला पुढे शिकवायला कबूल झाले.

आज फादरांना घेऊन आलेला तरुण पाद्री दाराबाहेर हळूच म्हणाला, "परवा लग्नात त्यांनी मयताची प्रार्थना सुरू केली. लोक आधी हसले. मग नवरी रडायला लागली."

तिने फादरांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसले. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळत होतं. टेबलावर वाकून ते कुजबुजले, "जरा सांग ना. थोरल्यांना नाही कळू देणार."

तिने सांगितलं नाही.

"रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातेस ना गं?" मध्येच त्यांनी विचारलं.

"जाते की."

कॉलेजात असतानाच तिचं जाणं सुटलं होतं. रागाने नाही, भांडणाने नाही. श्रद्धा कधी विरून गेली ते तिलाही कळलं नव्हतं. फादरांना हे सांगायचं मात्र दर भेटीत राहून जायचं.

तपासणी संपल्यावर तिने समजावलं, की त्यांना आता एकट्याने राहता येणार नाही, लोकांसमोर मिस्साही म्हणता येणार नाही. फादरांनी चष्मा काढून झग्याला पुसला.

"म्हणजे वेदीपाशी उभं राहायचं नाही."

"नाही, फादर."

"बरं. तू म्हणतेस म्हणजे बरोबरच असणार."

त्यांनी तिला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. या भरवशाने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वृद्ध पाद्रींच्या आश्रमात त्यांना स्वतःच्या खोलीत मिस्सा म्हणायची मुभा मिळाली, पण सोबत कुणीतरी हवं होतं. त्यांनी तिचं नाव सांगितलं. नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी ती गेली. खाटेजवळच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर प्याला. ती पुस्तक धरून शेजारी उभी राहिली. फादर अडले की ती शब्द पुरवायची, ते पुढे जायचे. श्रद्धेची कबुली द्यायची वेळ आली आणि ते थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते.

"मी विश्वास ठेवतो," तिने पुरवलं.

फादरांनी वळून पाहिलं. नजर एकदम वर्गातली. "'ठेवतो' माझं. तू 'ठेवते' म्हण."

खरं सांगावं, आत्ताच सांगावं, असं मनात आलं. पण ते वाट बघत होते, आणि तिने म्हटल्याशिवाय त्यांना पुढचं आठवणार नव्हतं.

"मी विश्वास ठेवते," ती म्हणाली.

फादरांनी मान डोलावली आणि पुढचं सगळं घडाघडा म्हटलं.

बाहेर येऊन ती कितीतरी वेळ गाडीत नुसती बसून राहिली. देवाच्या माणसाला, त्याच्याच वेदीपाशी उभं राहून फसवलं होतं. पुढच्या रविवारी जायचं नाही, असं तिने ठरवलं. आणि रविवार आला तशी गेली.