रंगाखालची चीर

शिपायाने 'जा पुढे' म्हणून हात हलवला, तरी ट्रेलरवाल्याने गाडी डावीकडे घेतली, तपासणीच्या पट्ट्यावर उभी केली आणि इंजिन बंद केलं.

शिपाई धावतच आला.

"अहो, तुम्हाला जा म्हटलं ना? सोडलं तर निघायचं गुपचूप. आत काय घुसता?"

"मला वाटलं, थांब म्हणालात."

"थांब असं करतात?" शिपायाने पुन्हा तसाच हात हलवून दाखवला. "आता आलाच आहात तर बसा. मॅडम येतील."

ट्रेलरवाला स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. बावीस वर्षांच्या नोकरीत तो या पट्ट्यावर आपल्या पायांनी कधी आला नव्हता. ही तपासणी टाळायला लोक बारा मैलांचा वळसा घालत. आणि आपण का आलो, हे त्याला कुणाला सांगायची सोय नव्हती.

दहा दिवस झाले होते. ब्रेक लावला की मागून 'ठक्' व्हायचं, पाठीत कुणी गुद्दा घालावा तसं. पुढचं इंजिन आणि मागचा ट्रेलर यांना धरून ठेवणारी जी लोखंडी प्लेट असते, आवाज तिथला होता. त्याने मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, बघू. दुसऱ्यांदा सांगितलं, तर म्हणाला, ही फेरी होऊ दे. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा म्हणाला, "तुला गाडी चालवायचीय की माझं डोकं खायचंय?"

काल संध्याकाळी तो स्वतःच खाली शिरला. प्लेटच्या डाव्या आधाराला बोटभर चीर गेली होती. त्याने गॅरेजच्या मिस्त्रीला हाताला धरून आणलं आणि दाखवली. मिस्त्री म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी मालकाचे पाय धरून त्यानेच त्याला गॅरेजात चिकटवलं होतं.

आणि आज सकाळी चीर नव्हती. तिच्या जागी काळाभोर, चकचकीत रंग होता, आणि गॅरेजच्या तपासणीच्या कागदावर 'जोडणी ठीक' असं लिहून खाली मेहुण्याची सही.

"वेल्डिंग केलंस?"

"नवा आधार पुढच्या आठवड्यात येतोय म्हणाले मालक." मेहुणा टायरकडे बघत बोलत होता. "तोवर जरा हळू चालवा, भाऊजी."

हळू! मागे चोवीस टनांची पत्र्याची रिळं आणि पुढे नऊ वळणांचा उतार. उतार संपतो तिथे बसथांबा. ट्रेलर सुटला तर हळू काय आणि जोरात काय. पण तोंड उघडलं तर सही मेहुण्याची होती. मालक दोघांनाही हाकलणार आणि खटला भरला गेला तर मेहुण्यावर. अधिकाऱ्याला आपोआप सापडलं, तर मात्र कुणी कुणाला बोल लावायचं कारण नव्हतं. वाटभर त्याने एवढाच हिशेब केला होता.

मॅडम आल्या. चाळिशीच्या, पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर तेलाचे डाग. ते डाग बघून त्याला धीर आला. ही बाई खाली शिरणारी दिसते.

त्यांनी कागद पाहिले, दिवे लावायला सांगितले, टायर ठोकून पाहिले. मग खरंच खाली शिरल्या. बॅटरीचा उजेड चाकांमधून इकडेतिकडे फिरत होता. तो केबिनमधून उतरून वाकून बघत होता. उजेड प्लेटवर गेला, थोडा थांबला आणि पुढे सरकला.

"मागचा डावा दिवा लागत नाही. मडगार्डचा बोल्ट सैल आहे," त्या बाहेर येत म्हणाल्या. "आज समज देऊन सोडते."

"जोडणी पाहिलीत?"

"पाहिली. नुकताच रंग दिलाय ना? चांगली ठेवलीय गाडी."

त्याला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"एकदा नीट बघा ना, मॅडम."

"कमी बघा म्हणणारे रोज भेटतात मला. नीट बघा म्हणणारे तुम्ही पहिलेच. काय बघू?"

"ते मी सांगू?" त्याचा आवाज एकदम चढला. "मालकाला सांगून झालं, गॅरेजात सांगून झालं, आता तुम्हीही मलाच विचारा! एकट्या माझ्याच डोळ्यांनी दिसतं का सगळ्यांना?"

शिपाई फिदीफिदी हसला. मॅडम हसल्या नाहीत.

तो केबिनमध्ये चढला, स्क्रू ड्रायव्हर घेऊन उतरला आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेला. मॅडमही मागोमाग आल्या. तो खरवडू लागला. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटत गेला. खाली चीर होती. काल बोटभर होती, आज दीड बोट.

मॅडमनी तिच्यावर नख फिरवलं.

"ही गाडी इथून हलायची नाही," बाहेर येऊन त्या म्हणाल्या आणि काचेवर लाल कागद चिकटवला. अहवाल लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. "'तपासणीत आढळलं' असं लिहितेय. तुमचं नाव कुठे येत नाही."

त्याने मान हलवली.

मालकाने फोनवर आईबापाचा उद्धार केला. "नशीबच फुटकं, मालक," एवढंच तो म्हणत राहिला. दोन तासांत मेहुणा छोटा टेम्पो घेऊन हजर झाला. मागे कोराकरकरीत आधार. पुढच्या आठवड्यात येणारा तो दोन तासांत आला होता.

"कोण हो ती अधिकारी?" उतरता उतरताच मेहुणा तणतणला. "दोन हात मारले होते मी रंगाचे. दिसलं कसं तिला?"

हो ला हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. ट्रेलरवाल्याने लाल कागदाकडे पाहिलं.

"तिला दिसलं नाही. मी खरवडून दाखवलं."

मेहुण्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"माझी सही आहे त्यावर, भाऊजी."

"माहीत आहे."

"आणि ताईला काय सांगणार?"

"ते घरी गेल्यावर बघू. आधी खाली शीर."

मेहुणा रागारागाने खाली शिरला. पान्याची खडखड सुरू झाली, शिव्याही ऐकू येत होत्या. मग एकाएकी दोन्ही थांबलं.

"भाऊजी, उजवी बाजू बघितली होती तुम्ही?"

"नाही. आवाज डावीकडून यायचा."

चिंधीने काहीतरी घासल्याचा आवाज येत राहिला. "बॅटरी द्या जरा."

ट्रेलरवाला वाकला आणि त्याने उजेड धरला. उजव्या आधारावर जुनं ग्रीस घट्ट बसलेलं होतं. मेहुण्याने पुसलं होतं तेवढ्या जागेत एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंत सरळ तडा गेलेला. तिकडे रंगाचा थेंबही नव्हता. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

मेहुणा उताणा पडून बघत राहिला. त्याच्या खिशातला फोन वाजला, वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजू लागला.

थोड्या वेळाने तो सरकत बाहेर आला. केसांत माती होती. चिंधीने एकेक बोट पुसत त्याने टेम्पोतल्या त्या एकुलत्या एक आधाराकडे पाहिलं.

"रंग कुणी मारला, ते विचारलं का मॅडमनी?"

"नाही विचारलं."

"कुठे बसतात त्या?"

ट्रेलरवाल्याने पट्ट्याच्या टोकाच्या खोलीकडे बोट दाखवलं. मेहुण्याने चिंधी टायरवर टाकली, शर्ट झटकला आणि तो त्या खोलीकडे चालू लागला.