पाठीवरचं नाव

गंगासागर मॅडमनी गठ्ठ्याची सुतळी दातांनी तोडली आणि वरचा शर्ट हवेत झटकला. जिमखान्यात नव्या कापडाचा आणि शाईचा वास पसरला. निळा शर्ट, छातीवर विद्यापीठाचं चिन्ह, बाहीवर कॉलेजचं नाव. मुली पुढे सरसावल्या. मनिषाने आपल्या मापाचा शर्ट अंगाला लावून बघितला आणि मग मागची बाजू बघायला उलटा केला.

पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : रुक्मिणीबाईंसाठी.

तिने शर्टाची घडी घातली. पुन्हा उलगडला. तोवर रुचिकाने आपला शर्ट ट्रॅकसूटवरूनच चढवला होता आणि खिडकीच्या काचेकडे पाठ करून, मान वळवून ती स्वतःला न्याहाळत होती. तिच्याही पाठीवर तेच नाव. सगळ्यांच्याच.

"कसा वाटतोय?" मॅडमनी मनिषालाच विचारलं. "आकडे सांगून कुणी मदत करत नाही गं. माणूस दिसला की करतात."

"छान आहे, मॅडम."

आपण हे कसं बोललो, ते तिचं तिलाच कळलं नाही.

विद्यापीठाची ही मॅरेथॉन दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कामासाठी असे. यंदाचा निधी ऊसतोड बायकांच्या तपासणीसाठी होता. डॉक्टर आणि औषधं घेऊन एक गाडी फडाफडावर फिरणार होती. बीडच्या कॉलेजातून संघ निवडला, त्या सकाळी मॅडमनी सगळ्यांना लिंबाखाली बसवून एकेकीला विचारलं होतं, तुला का पळायचंय. रुचिकाच्या वडिलांचं, ईश्वरप्पांचं, कापडाचं दुकान होतं. ती म्हणाली, दुकानात बसून वजन वाढलंय म्हणून. सगळ्या हसल्या. मग मनिषाची पाळी आली आणि मनिषा एका दमात बोलून गेली. आईसाठी. तिची गर्भाची पिशवी काढली, मी नववीत होते. कॅन्सर होईल म्हणून भीती घातली आणि फसवून काढली. अजून तिला खालून उठताना भिंत धरावी लागते.

कुणी हसलं नव्हतं. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. पुढे स्मरणिकेसाठी म्हणून त्यांनी आईचा फोटो मागितला, तोही तिने पाठवला होता. बोलताना किती हलकं वाटलं होतं. ते आता आठवलं आणि तिने शर्ट पिशवीत कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव कपिलधारच्या रस्त्यावर होता. चढ लागला तसा मुलींचा घोळका विरळ होत गेला. रुचिका पुढे होती. तिचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि मनिषाच्या डोळ्यांसमोर आईचं नाव वरखाली होत चढ चढत होतं. मनिषाने वेग वाढवून तिला गाठलं, मागे टाकलं. मग लक्षात आलं, की आता मागच्या सगळ्या आपल्या पाठीवर तेच वाचत असतील.

आई घरात भिंत धरायची, पण मुकादमासमोर कधी नाही. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला मुकादम गहिनीनाथ अंगणात येऊन बसे आणि जोड्या ठरवी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढता येत नाही अशी बाई असली, तर त्या जोडीला कोण नेणार? तो आला की आई मुद्दाम पाण्याची भरलेली घागर उचलून त्याच्यासमोरून जायची. मनिषाने ते नववीपासून दरवर्षी बघितलं होतं.

सराव संपल्यावर ती मॅडमच्या मागे गेली.

"मॅडम, ते नाव काढता येईल का?"

"आता कसं काढणार? छापून आलेत शर्ट. काय झालं?"

"आईला माहीत नाही."

मॅडम पाण्याची बाटली उघडत होत्या, त्या थांबल्या. "मी त्यांना रविवारी स्टेजवर बोलवायचं ठरवलंय. दोन शब्द बोलतील म्हणून. पाहुण्यांना सांगूनसुद्धा झालं."

मनिषा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली.

"मी तुला आधी विचारायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फोन काढला, एका ग्रुपवर टाकलेलं, आईचा फोटो आणि हकीकत असलेलं पोस्टर पुसलं, दुसऱ्यावरचं पुसलं, आणि मग त्यांचा अंगठा तसाच राहिला. पोस्टर त्यांच्या हातातून केव्हाच पुढे गेलं होतं. "घरी जा तू. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तू सांग."

तलवाड्यात ती उतरली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. आई ओट्यावर बसून फडावर न्यायची भांडी पोत्यात भरत होती. बाप, भागवत, कोयत्याला धार लावत होता. मनिषा पाणी प्यायली, तिने पाय धुतले, आणि आईशेजारी बसून सगळं सांगितलं. नाव, पोस्टर, स्टेज. धार लावायचा आवाज मध्येच थांबला.

आईने हातातली परात पोत्यात सारली. मग विचारलं, "कावून सांगितलंस?"

"विचारलं म्हणून."

"इचारलं म्हनून समदं सांगायचं असतं व्हय?"

मनिषाने पोस्टर उघडून फोन पुढे केला. आईने तो लांब धरून बघितला. बराच वेळ बघितला. "पदर बी धड न्हाई," ती म्हणाली. मग बोटाने अक्षरं चाचपत खालच्या ओळी वाचू लागली. ती हळू वाचायची, पण वाचायची. एका शब्दापाशी बोट अडलं.

"फसवून. हे कुनी सांगितलं?"

"तूच रडत होतीस तेव्हा."

"दुखत व्हतं म्हनून रडत व्हते." आईने फोन परत दिला. "फसवलं न्हाई कुनी. डागदर म्हनला काढा. मुकादम म्हनला काढा. मी बी म्हनलं काढा. दर म्हैन्याला पडून राहायचं, खाडा पडायचा, त्याची बोलनी खायची. तवा मला बी तेच बरं वाटलं."

"मुकादम?" मनिषा म्हणाली. "त्याला माहीत आहे?"

"त्योच घेऊन गेलता. त्याच्या गाडीत."

"तुला एकटीला?"

"गाडीत जागा व्हती तेवढ्या बाया."

भागवत उठून कोयता आत ठेवायला गेला. मनिषा आईजवळ सरकली. इतकी वर्षं ती भरलेली घागर कुणासाठी उचलली जात होती, ते तिला विचारायचं होतं. पण आई पोत्याचं तोंड आवळत होती आणि तिने मान वर केली नाही.

शनिवारी दुपारी गहिनीनाथ आला. फटफटी त्याने नेहमीसारखी अंगणात न आणता रस्त्यावरच लावली. भागवतने बाज टाकली. एरवी गहिनीनाथ बाजेवर आडवा व्हायचा, उशी मागायचा. आज तो कडेला टेकला.

"वहिनी, फोटो आलाय तुमचा," तो हसून म्हणाला. "लई मोठ्या झाल्या की."

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. "पोरीनं दिला. आमाला काय ठाऊक."

"उद्या जानार हाय म्हनं. भाषन हाय."

"मला कुठं बोलता येतं."

"तेच म्हनतो मी." त्याने मनिषाकडे एकदा बघितलं. "लिहिनारी मानसं असत्यात तिथं. पेपरवाले. काय झालं, कुठल्या दवाखान्यात झालं, कुनी नेलं, असं खोदून इचारत्यात. बाईमानूस बोलून जातं कायबी, आन् निस्तरायचं दुसऱ्याला." मग तो भागवतकडे वळला. "मंगळवारी गाड्या भरायच्या. तुमचा कोयता धरलाय मी. धरलाय तो राहू द्यावा ना?"

"राहू द्या, मुकादम," भागवत म्हणाला. "ती न्हाई जायची."

"मी काय जाऊ नका म्हनत न्हाई. पोरीचं कौतुक हाय, बघावं. गप बसून बघावं."

तो फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता आणि पुन्हा पहिल्या हातात. चहा आला तो त्याने तोंडाला लावला आणि अर्धा ठेवला. मनिषाला आधी वाटलं त्याला घाई आहे. मग आईकडे बघितलं तर आईचे हात भाकरीवर थांबले होते आणि ती मुकादमाकडे बघत होती, म्हणजे त्याच्या हातांकडे. जसं बाजारात एखादं जनावर घेताना त्याचे पाय बघतात, तसं. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तेव्हा कुठे तिने नजर काढली.

"चहा सांडंल, मुकादम," आई म्हणाली.

तो गेल्यावर घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. आई नेहमीसारखी जेवली. मनिषाने बूट पुसून ठेवले, शर्ट पिशवीत तळाशी घातला. उद्या पळायचं की नाही हेही तिला ठरवता येईना.

रविवारी तांबडं फुटायच्या आत ती उठली, तर आई न्हाऊन तयार होती. लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं नेसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता.

"मी येते," ती म्हणाली.

भागवत दारात उभा होता. "मुकादमाला काय सांगू?"

"पोरीची शर्यत बघाया गेली म्हनून सांगा."

"त्यो काय तेवढ्यावर ऐकनार हाय?"

आईने चपला पायात सरकवल्या. भागवत दारातून बाजूला झाला. मग शेजारच्या बंकटच्या दारात जाऊन त्याने त्याची मोटारसायकल मागून आणली. तिघं गेवराईपर्यंत आले. कॉलेजची बस हमरस्त्यावर थांबली होती. आई चढताना खिडक्यांतून निळे शर्ट दिसत होते. भागवतने बस सुटेपर्यंत मोटारसायकल वळवली नाही.

विद्यापीठाच्या मैदानावर ऊन चढायच्या आधीच कर्णे गाजत होते. मॅडम आईजवळ आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ताई, माझं चुकलं. तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका. नुसत्या बसा, माझ्याशेजारी."

"बसायचं कुठं?" आईने विचारलं.

मॅडमनी स्टेजवरची खुर्ची दाखवली. आई पायऱ्या चढली. वर पोचल्यावर तिने कठड्याला हात लावला, क्षणभर धरला आणि सोडला. मनिषा बघत राहिली. रुचिका तिला ओढत सुरुवातीच्या रेषेकडे घेऊन गेली.

"तू पुढे बघ गं," रुचिका म्हणाली. "पाय बांधल्यासारखी चालतेयस."

झेंडा पडला आणि गर्दी सुटली. खांद्याला खांदे घासत सगळे फाटकातून बाहेर पडले. रस्ता मैदानाच्या भिंतीला धरून जात होता आणि खांबाखांबावर कर्णा बांधलेला होता. पळणारे निघाले की भाषणं, असा बेत होता. निवेदकाने पाहुण्यांची नावं घेतली, टाळ्या मागितल्या. मनिषाचा श्वास अजून बसत नव्हता. सरावात कधी असा फुलला नव्हता. मग कर्णा खरखरला, आणि तिने तो आवाज ओळखला. इतका मोठा झालेला तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"माझं नाव रुक्मिणीबाई भागवत तांदळे. गाव तलवाडा."

मनिषाचे पाय मंदावले. मागचा एक माणूस तिला धक्का देऊन पुढे गेला.

"फोटोखाली लिहिलंय, मला फसवलं. तसं न्हाई. मी हो म्हनले व्हते. पर हो म्हननाऱ्या बाईला आदी कुनी धड काय सांगितलं का, ते इचारा."

कर्ण्यात थोडा वेळ नुसती हवा वाजली. मैदानातली गडबड थांबली असावी, कारण भिंतीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं.

"माझ्यासंगं गाडीत आनखी बाया व्हत्या. त्यांची नावं मी घ्यायची न्हाई. त्या घेतील त्यांची. ज्यानं नेलं त्याचं सांगते."

पुढे रस्ता डावीकडे वळत होता. वळणावर एक स्वयंसेवक झेंडी हलवत ओरडत होता, चला, चला, थांबू नका. मनिषाला थांबायचं होतं. परत फाटकाकडे जायचं होतं, त्या स्टेजखाली उभं राहायचं होतं. आईचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि त्याच वेळी मागून पावलांचा लोंढा आला. त्या लोंढ्याबरोबर ती वळण घेऊन गेली. शब्द फुटले, विरले. थोड्या वेळाने नुसता सूर राहिला, मग तोही गेला. तिने हाताच्या मुठी सैल केल्या आणि श्वास मोजायचा सोडून दिला.

ती परतली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. स्टेज रिकामं होतं, कामगार सतरंज्या गुंडाळत होते. दोन पत्रकार मॅडमशी बोलत होते. आई मैदानाच्या कडेला झाडाखाली बसली होती. पदर डोक्यावरून मागे गेला होता, तो तिने घेतला नव्हता. मनिषा तिच्याजवळ येऊन आडवी झाली. पायांत गोळे आले होते. आईने न विचारता तिची पोटरी मांडीवर घेतली आणि दाबायला लागली.

"नाव घेतलंस?" मनिषाने विचारलं.

"घेतलं."

आईच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. आईने तो काढून मनिषासमोर धरला. बापाचा होता. मनिषाने बटण दाबून आईच्या कानाला लावला.

आई ऐकत होती. "कवा आलता?" तिने विचारलं. मग, "कोयता दुसऱ्याला दिला? बरं." तिचा एक हात मनिषाच्या पोटरीवर तसाच होता.

"मंग भांडी काढून ठेवा पोत्यातली," ती म्हणाली. "संध्याकाळी सैपाकाला लागतील."

पलीकडून बाप अजून काही विचारत होता. आईने मनिषाकडे बघितलं.

"ते इचारत्यात, पूर्न पळालीस का?"