न हलणारा ठिपका

"अहो, गॅस बंद केला का हे बघायला चारदा उठणाऱ्या माणसाला परीक्षक नेमलं कुणी?" निघताना श्यामला, माझी पत्नी, म्हणाली. नारायण पेठेत रिक्षात बसेपर्यंत मलाही तोच प्रश्न पडला होता.

प्रयोगशाळेत शिरलो की मात्र माझी धाकधूक ओसरते. पाण्यात सोन्याचे कण सोडलेले असतात, नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारे. लेझरचा झोत पडला की ते उजळतात आणि कॅमेऱ्यातून पडद्यावर ठिपके होऊन थरथरू लागतात. पाण्याचे रेणू त्यांना सतत ढकलत असतात, त्यामुळे इतका बारीक कण पाण्यात क्षणभरही स्थिर राहू शकत नाही. ज्या मोजक्या गोष्टींबद्दल मला कधी शंका आली नाही, त्यांतली ही एक.

"सर, हा एक हलूनच नाही राहिला," नम्रता म्हणाली. ती यवतमाळची, तिच्याच पीएचडीचा प्रयोग तपासायला मी आलो होतो. "चूक निघाली तर सगळं पहिल्यापासून. मग मी नाही करत. सरळ हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी धरते."

पडद्याच्या मधोमध एक ठिपका टाचणीनं टोचून ठेवल्यासारखा उभा होता. पाणी बदललं, काचेची कुपी बदलली, तो तिथंच. मी लेझर बंद करायला लावला, कॅमेऱ्यावर झाकण बसवलं. बाकीचे ठिपके विझले. तो उरला.

"बघ. प्रकाशच नाही, तरी हा दिसतोय. म्हणजे कण नव्हेच. कॅमेऱ्यातला बिघडलेला बिंदू. तुझ्या प्रयोगाला काही धक्का नाही."

"खरंच, सर?"

"पुण्याचा माणूस उगाच कुणाला बरं म्हणत नाही."

ती हसली आणि वडिलांना फोन करायला बाहेर धावली.

एकटा उरल्यावर मी पडद्यावर, नेमकं त्या ठिपक्याच्या जागी, बोट टेकवलं. झाकण घट्ट बसलेलं होतं. लेझर बंदच होता. ठिपका किंचित थरथरला, माझ्या बोटाखालून निघाला आणि अडखळत, पाण्यातल्या कुठल्याही कणासारखा, कडेकडे जाऊ लागला. बोट मी तिथंच दाबून धरलं.

दार किलकिलं झालं. "सर, बाबा विचारून राहिले, पक्कं ना?"

आजवर मला स्वतःला कधी ऐकू आला नव्हता अशा ठाम आवाजात मी म्हणालो, "पक्कं. तो जागचा हललेला नाही."

ठिपका थबकला. मग सरळ रेषेत मागे फिरला आणि माझ्या बोटाखाली येऊन थांबला.