कापलेला तुकडा

कॉर्नेलियस गॅड्सडेन अजून जिवंत होता, आणि आर्डेला पिंक्नी त्याबद्दल रोज रात्री देवाचे आभार मानायची. मेलेल्या माणसावर सूड कसा उगवणार? ऐंशीला टेकला होता मेला, पण कोटाच्या खिशात रेशमी रुमाल खोचून मिरवायची हौस फिटली नव्हती. ट्रम्पेट कधीच सुटलं होतं. ‘ओझेला’चा कर्ता म्हणून टोपी उचलून सलाम घेणं मात्र चालू होतं, आणि उत्तर फिलाडेल्फियातली माणसंही भोळी, त्याला करत होती सलाम.

‘ओझेला’ ही धून त्याची नव्हतीच. ती रचली आर्डेलाच्या भावानं, थॅडियसनं. ओझेला हे त्यांच्या आईचं नाव. दिवसभर लोकांची धुणी करून आई यायची, घरापुढच्या पायरीवर बसून बूट काढायची आणि काढता काढता काहीतरी गुणगुणायची. त्या गुणगुणण्यातून थॅडनं ती चाल उचलली. तेव्हा तो गॅड्सडेनच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा आणि आर्डेला पियानोवर असायची. रेकॉर्डिंगच्या दिवशी भावंडांना कळलं, की तबकडीवर धून गॅड्सडेनच्या नावानं छापायची ठरली आहे. बँड माझा, म्हणजे धून माझी, असं त्यानं टाय सारखा करत सांगितलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पुढं कुणी विचारलं की ही ओझेला कोण, तर डोळा मारून म्हणायचा, बाल्टिमोरला होती एक पोरगी. आर्डेलाच्या आईला, जिनं याला लहानपणी आपल्या ताटात जेवू घातलं होतं तिला, हा असं म्हणायचा.

थॅड त्या दिवशी भांडला नाही. त्यानं वाजवलं. जॅझ वाजवणाऱ्यांची एक खोड असते, आपल्या सोलोच्या, म्हणजे एकट्यानं वाजवायच्या भागाच्या, मध्येच दुसऱ्या एखाद्या गाण्याची ओळ टाकायची. ज्याला टोमणा मारायचा त्याला बरोबर लागतो, बाकीचे माना डोलावतात. थॅडनं त्यांच्या चर्चमधलं गाणं टाकलं. तिथं कुणी दानाच्या ताटात हात मारला, की म्हातारी मदर टॉलिव्हर कुणाचं नाव घेत नसे. ती गाणं उचलायची, आणि सगळं चर्च तिच्यामागं गायचं:

ठेव परत, ठेव परत, दिवस मावळायच्या आत,
ज्याचं त्याच्या हाती दे, वरनं बघतो प्रभुनाथ.

ज्यानं घेतलं असेल तो उभा राहीपर्यंत गाणं थांबत नसे. गॅड्सडेन त्याच चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला. सोलोत ती ओळ ऐकली आणि त्यानं ट्रम्पेट खाली केलं. चेहरा पांढराफटक. 

तबकडी बाजारात आली तेव्हा ती ओळ तिच्यात नव्हती. गॅड्सडेननं रेकॉर्डिंगच्या टेपचा तेवढाच तुकडा ब्लेडनं कापून दोन टोकं एकमेकांना चिकटवली होती. त्या सांध्यावर ताल किंचित अडखळायचा, इतकंच. थॅडनं बँड सोडला, आणि गॅड्सडेननं गावभर बोंब ठोकली की पिंक्नी पिऊन वाजवतो. मग त्याला कोण उभं करणार? तो टोप्यांच्या कारखान्यात लागला आणि तिथला धुरळा छातीत जाऊन वारला. अंत्यविधीला गॅड्सडेनकडून पांढऱ्या लिलींचा हार आला. आर्डेलानं तो उचलला आणि मागच्या गल्लीत कचऱ्यावर टाकला.

त्यानंतर चर्चचा ऑर्गन वाजवत आणि गल्लीतल्या पोरांना पियानो शिकवत ती म्हातारी झाली. जळजळ काही म्हातारी झाली नाही.

अशात एक दिवस जेरेल टूमर दारात उभा राहिला. तिशीतला सॅक्सोफोनवाला, पार डेन्व्हरहून आलेला. गॅड्सडेनला मानवंदना म्हणून ती जुनी तबकडी पुन्हा नव्यानं वाजवून काढायची, सूर न् सूर तसाच, असं त्याच्या मनात होतं. मूळ मंडळींपैकी वाजवणारं कोण उरलं, तर एक आर्डेला. तिनं मानवंदना हा शब्द ऐकला आणि दार लावायला घेतलं. पण पोरगं आर्जवी होतं. म्हणालं, मिस आर्डेला, एकदा माझं ऐका तरी.

बाहेरच्या खोलीत उभं राहून त्यानं थॅडचा सोलो वाजवला. हुबेहूब. आर्डेलानं पदर नाही म्हणून एप्रनला डोळे पुसले. आणि मग तो त्या जागी आला, अन् अडखळला.

“इथं काय झालं तुला?” तिनं विचारलं.

“मिस आर्डेला, तीच तर खरी कमाल! अर्धा ठोका गिळलाय त्यांनी. आम्हाला कॉलेजात ही जागा शिकवतात. मला बसवायला अख्खा हिवाळा लागला.”

आर्डेला हसली. हसता हसता खुर्चीत बसली, आणि तरी हसू थांबेना. चोराच्या ब्लेडचा ओरखडा, आणि ही शहाणी पोरं तो घोटून घोटून पाठ करतायत! मग हसू विरलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख उजाडलं. तिनं त्याला खरं सांगितलं, पण अर्धंच. इथं टेप कापलेली आहे, थॅडनं इथं आणखी वाजवलं होतं, आणि ते मला पाठ आहे. पोराचे डोळे बशीएवढे झाले. ती पियानोवर बसली आणि तिनं तो तुकडा त्याच्याकडून घटवून घेतला. याला शब्द आहेत का, असं त्यानं विचारलं. असतील चर्चमधले काहीतरी जुने, ती म्हणाली. पोरगं गुणी होतं, तिला लळा लागला होता. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याला ती काय करणार?

रेकॉर्डिंगला पियानोवर तीच बसली. गॅड्सडेनच्या वाढदिवसाला चर्चच्या खालच्या हॉलमध्ये नवी सीडी पहिल्यांदा लावायची ठरली. आपल्या माणसांत बसूनच ऐकेन, असं त्यानं स्वतःच जाहीर केलं होतं. तळलेले मासे, चीज घातलेली मॅकरोनी, रताळ्याची गोड पाई, सगळा थाट. तो आपल्याच मोठ्या फोटोखाली बसला होता, रुमाल खोचून. आर्डेला त्याच्या अगदी समोरच्या खुर्चीवर. इतक्या वर्षांत ती त्याच्या इतकी जवळ बसली नव्हती.

जेरेलनं आधी जुनी तबकडी लावली. लोकांनी माना डोलावल्या, अडखळीच्या जागी जाणकारांनी वाहवा केली. मग त्यानं सांगितलं, की आता मूळ तबकडीतही नाही असं काहीतरी ऐका, आणि नवी लावली.

चाल आली, सोलो आला, आणि सांध्याच्या जागी ताल न अडखळता सरळ पुढं गेला. ठेव परत, ठेव परत. मदर टॉलिव्हरची लेक सिस्टर युनिस माशांची परात घेऊन उभी होती. तिचे ओठ आपोआप हलले. मागची दोन म्हातारी माणसं गुणगुणली. ती चाल ऐकून गप्प बसायचं या माणसांना कुणी शिकवलंच नव्हतं. सोलो पुढं निघून गेला, तरी हॉल शब्दांसकट गात राहिला, टाळ्या धरून. गाणं कुणासाठी आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण रीत ठाऊक होती. प्रत्येक जण मान वळवून बघत होता, कोण उभा राहतो.

जेरेल घाबरून मशीन बंद करायला धावला. आर्डेलानं त्याचं मनगट धरलं. तिच्याकडे, मग गॅड्सडेनकडे बघून त्याच्या डोक्यात उजेड पडला.

“तुम्ही मला वापरलंत,” तो म्हणाला.

“हो रे बाळा. भांड माझ्याशी, पण उद्या.”

ती उठून गॅड्सडेनपाशी गेली. त्यानं रुमाल मुठीत चुरगाळला होता.

“आर्डी, पुरे कर,” तो पुटपुटला. “म्हातारा झालोय मी.”

“थॅड नाही झाला. ऊठ.”

गाणं थांबायचं नाव घेईना. शेवटी काठीवर जोर देऊन तो उठला, आणि रीतीप्रमाणे सगळे एकदम चूप झाले. इतके चूप, की स्पीकरमधून आर्डेलाचा पियानो स्वच्छ ऐकू यायला लागला.

‘ओझेला’ थॅडियस पिंक्नीची आहे, असं तो काहीतरी आपल्या बुटांना सांगितल्यासारखं बोलला.

“मागं बसलेल्यांना ऐकू आलं नाही,” आर्डेला म्हणाली. “आणि ओझेला कोण, तेही सांग.”

त्यानं मान वर केली. मघापर्यंत त्याला सलाम करणारी माणसं समोर होती, पण एकाचाही हात टोपीला गेला नाही. “धून थॅडची आहे. मी चोरली,” तो मोठ्यानं म्हणाला. “ओझेला त्याची आई होती. मीही जेवलोय तिच्या हातचं.”

एवढं बोलून तो खाली बसायला लागला. आर्डेलानं त्याच्या काठीवर हात ठेवला.

“अजून नाही,” ती म्हणाली, आणि जेरेलला तिनं ती धून पहिल्यापासून लावायला सांगितली.